राज्य कोणावर?

"अरे, गंमत केली! एवढं काय मनावर घेतोस?"

हे वाक्य कधी ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. कट्ट्यावर, हॉस्टेलच्या रूमवर, ऑफिसच्या पॅन्ट्रीत, लग्नाच्या हॉलमध्ये, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे ते चालतं. त्याची बांधणी बघण्यासारखी आहे. पहिल्या अर्ध्यात बोलणारा आपले शब्द परत घेतो: मी म्हणालो ते म्हणालोच नाही असं समज. दुसऱ्या अर्ध्यात तो हिशोब समोरच्याच्या नावावर टाकतो: लागलं असेल तर दोष तुझ्या मनाचा. बोलणारा सुटला, आणि ज्याला लागलं त्याच्यावर 'याला विनोद कळत नाही' हा आरोप बसला.

अडचण अशी की हे वाक्य पुष्कळदा अगदी खरं असतं. दोन जिवलग मित्र एकमेकांना जे बोलतात ते कागदावर उतरवलं, तर वाचणाऱ्याला ते जन्माचे वैरी वाटतील. त्यांच्यासाठी मात्र तीच जवळीक असते. तेच शब्द, त्याच सुरात, दुसऱ्या कुणाला लावले की त्या माणसाची रात्रीची झोप जाते. शब्द तेच असतील तर फरक कुठे पडला? थट्टा कधी थट्टा असते आणि कधी तो फक्त थट्टेचा सदरा घातलेला अपमान असतो, हे कशावरून ठरवायचं?

'ज्याची त्याची सेन्सिटिव्हिटी' म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो. पण मग दिवसातून अनेकदा आपण जे करतो, त्याबद्दल आपल्याकडे कसलाच विचार नाही असं होईल.

शब्दांचा डबा

मराठीत या प्रकरणाला किती शब्द आहेत बघा. विनोद, गंमत, मस्करी, थट्टा, चेष्टा, फिरकी, कोटी, टोमणा, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा, उपहास, उपरोध, विडंबन. आणि प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं. थट्टा करतात, फिरकी घेतात, टोमणा मारतात, खिल्ली उडवतात. कॉलेजात 'खेचतात'. मारणं, उडवणं, खेचणं: ही सगळी अंगाला हात लावणारी क्रियापदं आहेत. विनोद दुसऱ्याच्या अंगापर्यंत पोचतो, हे भाषेला आधीपासून ठाऊक आहे.

तिला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. मस्करीची कुस्करी होते, असं आपण म्हणतो. कुस्करणं म्हणजे चुरगाळणं. म्हणजे एका टोकाला खेळ आहे, दुसऱ्या टोकाला चुरा, आणि दोन्हींच्या मध्ये भिंत नसून उतार आहे. त्या उतारावर पाय नेमका कुठे घसरतो, ते म्हणीत सांगितलेलं नाही. ते आपल्याला शोधायचं आहे.

शहाणी माणसं काय म्हणाली

हसण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य हा रस आहे आणि त्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. नुसत्या ओठांच्या हालचालीपासून ते अंग गदगदा हलवणाऱ्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या हसण्यापर्यंत ही चढण जाते. गंमत म्हणजे या सहांची वाटणी माणसांच्या दर्जाप्रमाणे केली आहे. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. हा रस बायकांत आणि खालच्या प्रकृतीच्या माणसांत जास्त दिसतो, असंही तिथे म्हटलं आहे. 'पोरीच्या जातीनं असं खिदळू नये' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य किती लांबून चालत आलंय, ते यावरून कळावं. कोणी किती मोठ्याने हसायचं, हे ठरवण्यात कोण कुठे बसतं हेही ठरत होतं.

युरोपात टॉमस हॉब्जने १६५१च्या 'लेव्हायथन' या ग्रंथात हसण्याचं मूळ अचानक वाटणाऱ्या मोठेपणात शोधलं. दुसऱ्याचं व्यंग दिसतं, आपण त्याच्यापेक्षा बरे आहोत हे एकदम जाणवतं आणि हसू फुटतं. ज्यांना स्वतःच्या कुवतीबद्दल फारशी खात्री नसते त्यांना असं हसण्याची गरज जास्त पडते, असंही त्याने नोंदवलं. १९००मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँने हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा: जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की तो हास्यास्पद होतो, आणि त्याच्यावर हसून समाज त्याला ताळ्यावर आणतो. त्यासाठी हसणाऱ्याचं मन तेवढ्यापुरतं बधिर व्हावं लागतं. रस्त्यात घसरून पडलेल्या माणसाला हसता येतं. त्याचा पाय मोडलाय हे कळलं की हसू थांबतं.

हे सगळे विद्वान विनोदाकडे बघत होते. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ हसणाऱ्या माणसांकडे बघायला गेला. त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक ठिकाणी लोक नेमके कधी हसतात याच्या बाराशेच्या आसपास नोंदी केल्या. त्यात आढळलं की फार तर दहा ते वीस टक्के हसणं विनोद म्हणावा अशा वाक्यानंतर आलं होतं. बाकीचं 'चल, भेटू' आणि 'अरे, तू इकडे कुठे?' यांसारख्या साध्या बोलण्यानंतर. आणि ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारेच जास्त हसत होते.

याचा अर्थ असा की रोजचं आपलं बरंचसं हसणं विनोदाला दिलेली दाद नसतं. 'आपलं बरं चाललंय ना?' हे तपासण्याची ती पद्धत असते. साहेबांच्या शिळ्या कोटीवर अख्खी मीटिंग हसते तेव्हा कुणालाच विनोद झालेला नसतो. नोकरी शाबूत असल्याची पोच दिलेली असते. म्हणून विनोद चांगला की वाईट हे त्याच्या शब्दांत शोधून सापडत नाही. ते सापडतं दोन माणसांच्या नात्यात.

थट्टेचं नातं

मानववंशशास्त्रात 'थट्टेचं नातं' अशी एक संकल्पना आहे. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन या ब्रिटिश अभ्यासकाने १९४०मध्ये त्यावर निबंध लिहिला. जगातल्या कितीतरी समाजांत काही नात्यांमध्ये थट्टेची मुभा असते, किंबहुना ती अपेक्षितच असते. एकाने चिडवायचं, दुसऱ्याने राग मानायचा नाही. आणि त्याच समाजात काही नात्यांत थट्टा पूर्ण वर्ज्य असते.

आपल्याला हे समजायला आफ्रिकेत जायची गरज नाही. मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय, आजोबा-नातू यांच्यात जे बोलणं चालतं ते सासरा-सुनेत चालत नाही. लग्नात नवरदेवाचे बूट पळवले जातात, विहिणी एकमेकींना गाण्यांतून टोचतात. अशा जागा मुद्दाम आखलेल्या असतात. दोन घरं नुकतीच जोडली जात असतात, मनात धाकधूक असते, मानपानाचे काटे असतात. थेट बोललं तर भांडण, न बोललं तर आढी. थट्टेने दोन्ही टळतात.

रोजच्या जगण्यात विनोदाचा हा फार मोठा उपयोग आहे: जे सरळ सांगता येत नाही ते वाकड्या वाटेने पोचवणं. उसने पैसे परत मागायचे असतात. "शेठ, आमची एफडी कधी मॅच्युअर होतेय?" दोघेही हसतात, निरोप पोचतो, मान कुणाचीच खाली जात नाही. भोंडल्याच्या गाण्यांत हेच आहे. माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू एकामागून एक अट घालत जाते: कारल्याचा वेल लाव, तो वाढू दे, त्याला कारली येऊ देत. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुली ते गाणं हसत-हसत म्हणतात. जी तक्रार स्वयंपाकघरात तोंडातून काढायची सोय नव्हती, ती अंगणात ताल धरून म्हणता येत होती, आणि ऐकणाऱ्या सासूला रागावायची सोय नव्हती.

पण एक लक्षात घ्यायला हवं. या सगळ्या जागांना कुंपण आहे. भोंडला वर्षातून काही दिवस, बूट पळवणं लग्नापुरतं. आणि बहुतेक ठिकाणी थट्टा दोन्ही बाजूंनी होते. मेहुणीने बूट पळवले, तर मेहुणाही नंतर गप्प बसत नाही.

खेळाचे दोन नियम

इथे लहानपणीचे खेळ आठवून बघा. पकडापकडी असो की लपाछपी, एकावर 'राज्य' येतं. राज्य असलेल्याने धावायचं, शोधायचं, दमायचं. बाकीच्यांनी त्याला चकवायचं. तो रडकुंडीला आला तरी खेळ चालू राहतो, कारण प्रत्येकाला माहीत असतं की राज्य फिरणार आहे. आता त्याच्यावर आहे, पाच मिनिटांनी माझ्यावर.

दुसरा नियम 'टाइम प्लीज'चा. कुणी पडलं, चपलेचा अंगठा तुटला, कुणाला आईने हाक मारली, की 'टाइम प्लीज' म्हणायचं. तेवढ्यापुरता खेळ थांबतो. म्हणणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. खोटं सांगत असेल तर चिडवतात, पण आधी थांबतात.

थट्टेचेही मला हेच दोन नियम दिसतात. एक, राज्य फिरतं का? म्हणजे ज्याची मस्करी चाललीय त्याला उलट मस्करी करता येते का, आणि केली तर त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही ना? दोन, टाइम प्लीज चालतं का? म्हणजे 'आता पुरे' म्हटल्यावर ती थांबते का?

पहिला नियम लावून ऑफिसातलं दृश्य बघा. साहेब एका ज्युनियरच्या पोटावरून कोटी करतात. सगळे हसतात. तोही हसतो. त्याने त्याच सुरात साहेबांच्या टकलावर काही म्हटलं तर? 'आमच्याकडे अगदी मोकळं वातावरण आहे' असं साहेब मानत असतील, पण ज्युनियर मनातल्या मनात अप्रेझलची तारीख मोजतो आणि गप्प बसतो. राज्य कायम त्याच्यावर आहे. ज्या खेळात राज्य कायम एकावरच असतं, त्या खेळाला मुलं खेळ म्हणत नाहीत. 'मला सगळे मिळून छळतायत' असं सांगत ते पोर घरी येतं.

दुसरा नियम बरोबरीच्या माणसांसाठी जास्त महत्त्वाचा. दोन मैत्रिणी आहेत, दोघी एकमेकींना तोडीस तोड. पण एकीचं नुकतंच लग्न मोडलंय, आणि दुसरी सवयीने त्यावरही कोटी करते. राज्य इथे फिरतं आहे, तरी लागलं. कारण प्रत्येक अंगावर कुठेतरी ओली जखम असते, आणि ती कुठे आहे हे जवळच्या माणसालाही दर वेळी कळत नाही. न कळणं माफ आहे. 'आता नको' म्हटल्यावर काय होतं, त्यावर सगळं ठरतं. "सॉरी गं, लक्षात नाही आलं" म्हणजे टाइम प्लीज चाललं. "एवढं काय मनावर घेतेस" म्हणजे नाही चाललं. म्हणून ते वाक्य इतकं टोचतं. थट्टेनंतर ते थांबण्याची विनंतीही खोडून काढतं.

कायद्यालासुद्धा शेवटी इथेच यावं लागलं. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणं आणि थट्टामस्करीचे प्रकारही रॅगिंगच्या व्याख्येत आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात लैंगिक शेरेबाजी येते, आणि ते वागणं समोरच्या बाईला नकोसं होतं का, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. 'मी तर गंमत केली' हे तिथे पुरेसं उत्तर होत नाही.

आनी, पानी, लोनी

आपल्याकडचा एक विनोद असा आहे की तो करणाऱ्याला आपण काही वावगं केलं असं वाटतही नाही. कुणीतरी 'पाणी'ला 'पानी' म्हणतो. बास, तेवढंच.

खेड्यातून पुण्या-मुंबईच्या कॉलेजात आलेला मुलगा वर्गात उभा राहून बोलतो. त्याच्या घरात, गल्लीत, गावात सगळे ज्या तऱ्हेने बोलतात त्याच तऱ्हेने. मागच्या बाकावरून कुणी तरी त्याचा शब्द तसाच्या तसा परत म्हणतं. हशा पिकतो. पुढे ग्रुपवर 'आनी', 'पानी', 'लोनी'चे मीम येतात. तोही हसतो, कारण न हसणं परवडत नाही.

पहिला नियम लावा. त्याला उलट मस्करी करता येईल का? 'तुम्ही पाणी म्हणता' यात हसण्यासारखं काय आहे? काहीच नाही, कारण पुस्तकं, बातम्या, परीक्षा, मुलाखती सगळं 'पाणी' म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभं आहे. प्रमाणभाषा ही मराठीच्या अनेक बोलींपैकी एकीवर आधारलेली आहे. ती ज्यांच्या घरात आधीपासून होती त्यांना ती शिकावी लागली नाही, एवढाच फरक. पण हशा पिकतो तेव्हा जणू एक शहाणा आणि दुसरा अडाणी असल्याचा निकाल लागतो. हॉब्जचा तो अचानक वाटणारा मोठेपणा इथे फुकटात मिळतो. काहीही न कमावता.

आणि किंमत? तो मुलगा पुढच्या वेळी हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी. 'ण' कुठे आणि 'न' कुठे याचा हिशोब डोक्यात चालू असताना विचार कसला मांडणार? एका हशाने एका माणसाचं बोलणं कमी झालं. हे नुकसान कुठेच मोजलं जात नाही, कारण जे बोललंच गेलं नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

मग बोलींवर हसायचंच नाही का? तसं असतं तर मराठी रंगभूमीचा मोठा तुकडा टाकून द्यावा लागला असता. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८०मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं. पौराणिक नाटक बसवायला निघालेलं कोकणातलं गाव, आणि त्याचा उडालेला बोजवारा. महाराष्ट्र पोट धरून हसला. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटेच बावन्न पात्रं उभी करायचे, तीही मराठवाड्याच्या बोलीत. तिथेही हसून लोकांची मुरकुंडी वळायची.

वर्गातल्या हशात आणि या हशात फरक काय? वर्गात बोलीवर हसतात. 'वस्त्रहरण'मध्ये हसू बोलीतून येतं. मालवणी तिथे हसण्याचा विषय नाही, हसवण्याचं हत्यार आहे, आणि ते मालवणी माणसाच्याच हातात आहे. पुण्याचा प्रेक्षक ती कळावी म्हणून कान टवकारून बसतो. एखादी कोटी निसटली तर शेजाऱ्याला विचारतो, 'काय म्हणाला?' राज्य फिरलं.

वर जाणारं हसू

माझ्या पहिल्या नियमावर एक आक्षेप घेता येईल. व्यंगचित्रकार पंतप्रधानांचं चित्र काढतो, तेव्हा पंतप्रधान उलट व्यंगचित्र काढत नाहीत. मग तीही टिंगलच का?

नाही. ज्याच्या हातात आधीच पोलीस, फायली आणि माइक आहे, त्याला उत्तर द्यायची साधनं कमी पडत नसतात. तिथे प्रश्न उलटा होतो: हसणाऱ्याला किंमत मोजावी लागते का? व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८मध्ये 'शंकर्स वीकली' सुरू केलं तेव्हा, मलाही सोडू नका, असं नेहरूंनी त्यांना सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. हेच साप्ताहिक आणीबाणीत, ऑगस्ट १९७५मध्ये बंद झालं. जाता जाता शंकरांनी लिहिलं ते असं, की हुकूमशाहीला हसू परवडत नाही. लोक हुकूमशहालाच हसले तर काय, ही तिची भीती.

आपल्या तमाशाला हे फार आधीपासून कळलं होतं. वगातला राजा ऐटीत बसलेला असतो आणि सोंगाड्या त्याच्या प्रत्येक वाक्याचं भलतंच काही तरी करून ठेवतो. वसंत सबनीसांच्या १९६५च्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडक्यांनी हीच परंपरा शहरी थिएटरात आणली. पण तमाशाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ज्या जातींतले कलावंत रात्री बोर्डावर राजाची टर उडवायचे, त्यांना सकाळी गावात त्यांच्या जुन्याच जागेवर उभं राहावं लागायचं. एका रात्रीपुरतं फिरलेलं राज्य पहाटे जागेवर जायचं. विनोदाने सत्ता उलटते असं मानणं भाबडेपणाचं आहे. ती उलटू शकते, एवढी कल्पना मात्र तो प्रेक्षकांच्या डोक्यात ठेवून जातो.

स्वतःवरच राज्य

एक माणूस असतो जो कुणी बोलायच्या आत स्वतःलाच हसतो. वर्गातला जाडा मुलगा दारातून शिरतानाच म्हणतो, "सरका, ट्रक आला." सगळे हसतात. तो लोकप्रिय असतो.

हे धैर्य की शरणागती? दोन्ही असू शकतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपल्या फजित्या स्वतःच सांगतो. बडोद्यात पाली भाषेचा अभ्यास आणि अध्यापन करणाऱ्या या माणसाने मध्यमवर्गी संसाराच्या धडपडीचं असं काही चित्र काढलं की वाचणाऱ्याला त्यात आपलं घर दिसावं. चिमणराव स्वतःला हसतो तेव्हा तो एकटा पडत नाही; आपल्यालाही सोबत ओढतो. ट्रकवाला मुलगा मात्र एकटाच असतो. दुसऱ्याने मारायच्या आत त्याने स्वतःला मारून घेतलेलं असतं, म्हणजे निदान वेळ तरी त्याने निवडलेली. त्याच्या विनोदावर हसताना आपण त्याला मोकळं करत नसतो. त्याने भरलेली खंडणी स्वीकारत असतो. एखाद्या दिवशी हसण्याऐवजी "ये, बस" एवढंच म्हणून बघावं.

पण स्वतःवरच्या, स्वतःच्या परिस्थितीवरच्या हसण्याची ताकद फार मोठी आहे. व्हिक्टर फ्रँकल हा व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचला आणि १९४६मध्ये त्याने आपला अनुभव लिहिला. तिथे बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका मित्राला त्याने विनोद करायला जवळजवळ शिकवलं. रोज प्रत्येकाने एक तरी गमतीचा प्रसंग रचायचा, सुटकेनंतर कधीतरी घडेल असा. त्यातला एक: छावणीत मिळायचं पाणीदार सूप, त्यातले चार दाणे तळाशी असायचे. पुढे कधी आपण कुणाच्या घरी मेजवानीला जाऊ आणि सवयीने यजमानीणबाईंना विनवू, 'जरा तळातून वाढा हं.'

या विनोदात कुणाचं व्यंग नाही. त्यात सुटका होणार हे गृहीत आहे. एवढं गृहीत धरायला तिथे दुसरा कुठलाच आधार नव्हता. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र काढणारे नातेवाईक, पावसाने पीक गेलेले शेतकरी, तेराव्याला जमलेली भावंडं अशाच ठिकाणी हसताना दिसतात आणि बाहेरच्याला ते विचित्र वाटतं. त्यांचं दुःख त्याने कमी होत नाही. दुःख त्यांच्यापेक्षा थोडं लहान होतं, इतकंच. पुलंचा अंतू बर्वा आठवा. त्याच्या प्रत्येक तिरकस वाक्यामागे रत्नागिरीतल्या एका एकट्या म्हाताऱ्याचं घर आहे. त्याचा विनोद काढून घेतला तर त्याच्याकडे दारिद्र्याशिवाय काय राहतं?

म्हणून 'लागू शकतं, तर विनोदच नको' हा सल्ला मला पटत नाही. तो मानला तर आधी अशाच लोकांचा आधार जाईल.

तिसरा माणूस

आतापर्यंत आपण दोघांबद्दल बोललो: थट्टा करणारा आणि जिची-ज्याची होते ती व्यक्ती. फ्रॉइडने १९०५मध्ये विनोदावर पुस्तक लिहिलं. बोचरा विनोद पुरा व्हायला तीन माणसं लागतात, असा त्याचा मुद्दा होता: सांगणारा, ज्याच्यावर सांगितला तो, आणि ऐकून हसणारा. तिसरा हसला नाही तर विनोद झालाच नाही.

आपण दिवसातला बराच वेळ हा तिसरा माणूस असतो. आणि फोनने या तिसऱ्याची संख्या अमाप वाढवली आहे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा तो पिवळा चेहरा २०१५मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीजने 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला. तो टाकायला क्षण लागत नाही, आणि बऱ्याचदा तो टाकताना आपला चेहरा ढिम्म असतो. फॅमिली ग्रुपवर 'बायको शॉपिंगला गेली' छापाचा जोक येतो. काका टाकतात, मामा हसतात, भाऊजी पुढे पाठवतात. त्याच ग्रुपवर त्यांच्या बायकाही आहेत. त्या बहुतेक वेळा त्या वेळी ओट्यापाशी असतात. 'नवरा ओट्यापाशी गेला' असा जोक ग्रुपवर का दिसत नाही, याचा विचार कुणी केलेला नसतो. आणि पिवळा चेहरा टाकणाऱ्या पुतण्याला वाटत असतं की आपण तर काहीच बोललो नाही.

पण दाम त्यानेच मोजलेलं असतं. हशा हे त्या विनोदाचं मोल आहे, आणि ते सांगणाऱ्याला किंवा ज्याच्यावर सांगितला त्याला देता येत नाही. फक्त तिसऱ्याला देता येतं. म्हणून तिसऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे जी इतर दोघांच्या हातात नाही. ज्याला लागलं तो बोलला तर 'मनावर घेतो' ठरतो. सांगणारा तर रंगात आलेला असतो. तिसरा मात्र काहीही न गमावता गप्प राहू शकतो. भाषण नको, भांडण नको, ग्रुप सोडायला नको. फक्त हसायचं नाही. किंवा वर्गातल्या त्या मुलाला, हशा ओसरायच्या आत, विचारायचं: "तू पुढे काय म्हणत होतास?"

असा प्रश्न विचारणारी माणसं नीरस असतात असं समजू नका. माझ्या पाहण्यात उलटंच आहे. ज्यांना कुठे हसायचं नाही हे कळतं, त्यांच्यासोबत बाकी सगळीकडे बिनधास्त हसता येतं. त्यांनी आपली कितीही खेचली तरी पोटात गोळा येत नाही. कारण आपण 'टाइम प्लीज' म्हटलं तर ते थांबतील, आणि उद्या त्यांच्यावर राज्य आलं तर ते पळून जाणार नाहीत, हे आपल्याला माहीत असतं.